दर चहाला हँडल

मोटरसायकलवर मागं बसणाऱ्याचं अंग झिजतं आणि ते हँडल धरणाऱ्याच्या अंगी लागतं, म्हणून आमच्या भागात लांबच्या प्रवासाला दर चहाला हँडल बदलायची पद्धत आहे. त्यात नवल काही नाही. गावातल्या गावात, मळ्यातून डेअरीला, बाजारातून घरी, एवढ्यानं कुणाचं बिघडत नाही. दोन घास जास्त खाल्ले की भरून येतं. पण तालुका ओलांडला की जेवणानं भरत नाही, ते हँडल धरूनच परत मिळवावं लागतं. म्हणून दोघं निघाले की चहाला थांबायचं, चहा प्यायचा आणि उठताना मागच्यानं पुढं बसायचं. मुक्कामाला पोचताना दोघं जेवढ्यास तेवढे. सख्खे भाऊ असेच जातात. भावकीतले वैरी कोर्टाच्या तारखेला एका गाडीवर जायची पाळी आली तर तेही असेच जातात. नवरा-बायकोचं तेवढं वेगळं. तिथं हँडल बदलत नाही, म्हणून शहाण्या बायका अर्ध्या वाटेत उतरतात आणि पुढं एसटीनं येतात.

हणमंत ऐवळे जतच्या पेठेत शिवणकाम करायचा. त्याची बहीण सिंधू लांब कोकणात, समुद्राकाठी कोंडवेळला दिलेली. तिला पुष्कळ नवससायासांनी मुलगा झाला होता आणि त्याचं जावळ काढायचं होतं. जावळ काढताना बाळ मामाच्या मांडीवर बसवतात. मामाची मांडी नसेल तर न्हावी वस्तरा उघडत नाही, आणि त्या बाळाला मामा हा एवढा एकच. लग्नसराईच्या शिवणकामापायी हणमंताला सवड होईना, म्हणून सिंधूनं जावळ दोनदा पुढं ढकललं. तिसऱ्या खेपेला ती फोनवर रडायलाच लागली. "दादा, पोराच्या केसांच्या जटा झाल्या. सासूबाई रोज बोलतात. माझ्या माहेरचं कुणी हाय का न्हाय?"

हणमंतानं त्याच दिवशी हातातलं काम बाजूला सारलं, निळ्या सुती कापडाचं अंगडं-टोपडं शिवलं आणि मोटरसायकलनं निघायचं ठरवलं.

गाडी नवी होती आणि हणमंताची होती. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं ते कुणाच्या लक्षात राहत नाही. गाडी आणली त्या दिवशी हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली आणि किल्ली शाळेपासूनचा दोस्त दिगंबर यानं घेतली, कारण हणमंताच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. तेव्हापासून एकटा असला की हणमंत चालवायचा आणि दोघं असले की दिगंबर पुढं, हणमंत मागं.

दिगंबर वाईट माणूस नव्हे. वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं. शाळेत पोरं हणमंताला बदडायची तेव्हा हाच मधे पडायचा. हणमंतानं पहिलं मशीन घेतलं, तेव्हा ते मांडायला याच्याच घरच्यांनी ओटा दिला. आणि असल्या गोष्टी दिगंबर कधी बोलून दाखवत नसे, हीच तर पंचाईत. बोलून दाखवल्या असत्या तर कधी ना कधी फिटल्या असत्या.

"शाळेत असल्यापास्नं आपण समुद्र बघायचा म्हणतोय, आन् तू एकटाच निघालास व्हय रं?" असं म्हणत तो पहाटे दारात हजर झाला. अंगात हणमंतानंच शिवलेला चौकड्यांचा शर्ट. हणमंताच्या हातात किल्ली होती. दिगंबरनं हात पुढं केला. मित्रानं हात पुढं केल्यावर हातातली वस्तू द्यायची नसते, हे हणमंताला कुणी शिकवलंच नव्हतं.

पहिला चहा मिरजेच्या अलीकडं झाला. हणमंताच्या गळ्याशी कॉलर सैल पडली होती आणि बाह्या मनगटाखाली आल्या होत्या. कपडे काही झिजत नाहीत, माणूस झिजतो. दिगंबरच्या शर्टाची बटणं जरा ताणली होती. आता हँडल मागायचं, असं हणमंतानं गाडीवरून उतरतानाच ठरवलं होतं. बशी खाली ठेवून त्यानं घसा खाकरला.

"काय रं?" दिगंबर म्हणाला.

"काय न्हाय. साखर कमी वाटती का चहात?"

"साखर बरी हाय की." मग दिगंबरच आपणहून म्हणाला, "आता हायवे लागंल बघ. ट्रकवाले डोळं झाकून चालवत्यात, तुला सवय न्हाय. पुढच्या चहाला तू घे."

"चालंल की. मला कुठं घाई हाय?" हणमंत म्हणाला.

आणि त्यानं काय करावं? शिंपीच तो. शर्टाच्या पट्टीत नेहमीची सुई खोवलेली, खिशात दोऱ्याचं रीळ. बाकावर बसल्या बसल्या त्यानं पँटचा कमरपट्टा आत घेतला आणि बाह्या दुमडून टाके घातले. शिंपी नसलेल्याला सुई धरता येत नाही, म्हणून पँट घसरायला लागली की तो झक मारत हँडल मागतो. हणमंताची पँट घसरली नाही. दिगंबरनं पाहिलं आणि खूश झाला. "कलाकार माणूस!" म्हणाला आणि पाठीवर थाप मारली. हणमंत बाकावरून पुढं सरकला.

कोल्हापूर मागं पडल्यावर जेवायला थांबले. हॉटेल एका बाईचं होतं, चुलीवर भाकरी, वर पत्रा. एव्हाना हणमंत दिगंबरच्या छातीला आला होता. बाईनं दिगंबरला ताट वाढलं आणि हणमंतापुढं पोरांची छोटी थाळी ठेवली. मग चेहरा बघून ओशाळली आणि मोठं ताट आणायला वळली.

"ऱ्हाऊ द्या ताई," हणमंत म्हणाला. "मला एवढं बास होतंय."

बाईनं दोघांकडं नीट पाहिलं. "हँडल बदलत न्हाय व्हय तुमी?"

"बदलायचंच हाय की!" दिगंबर भाकरी मोडत म्हणाला. त्याच्या मनात खरंच तसं असावं. "पण आता घाट लागतोय. घाटात नवख्याच्या हातात गाडी देऊन दोघं दरीत जायचं का? घाट उतरला की हाच चालवणार. काय हणमा?"

"व्हय व्हय. माझंच म्हणणं हाय तसं," हणमंत म्हणाला.

"बोला बाबा, तोंड हाय तवर बोला," बाई हणमंताला म्हणाली. "भीड भिकेची बहीण असती." आणि ती तव्याकडं गेली.

दिगंबर हसला. "दोस्तीत कसलं आलंय मोजमाप!" असं तो आयुष्यभर गळ्यात टेप घालून फिरलेल्या माणसाला म्हणाला. हसताना त्याच्या पोटावरचं बटण तुटून भाजीत पडलं. हणमंतानं ते काढून पुसलं. दिगंबर बाकावर तसाच बसून राहिला, हणमंत त्याच्यापुढं उभा राहिला आणि बटण लावून दिलं. शर्ट काखेतही काचत होता. शिवणीच्या आत जादा कापड ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. दिगंबरच्या शर्टाला हणमंतानं ती दोन बोटं जास्तच ठेवली होती. त्यानं दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या, सगळी माया सोडली आणि पुन्हा शिवून दिलं. आपल्या पँटचे पाय त्यानं गुडघ्याशी दुमडले.

"आता कसं मोकळं वाटतंय," दिगंबर म्हणाला.

करंजघाटाच्या माथ्यावर चौकी आहे. तिथं भिंतीवर तांबड्या रंगाची आडवी रेघ ओढलेली आहे. त्या रेघेखाली गेलेल्या माणसाचा हात हँडलला पुरत नाही, मग तो प्रवासी राहत नाही, सामान होतो. सामानाला हेल्मेट लागत नाही आणि सामानाचं म्हणणं कुणी लिहून घेत नाही. घाटाच्या उतारावर झीज फार होते, म्हणून माथ्यावरच प्रत्येक डबलसीट गाडी थांबवतात.

हवालदारानं हणमंताला भिंतीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर पट्टी धरली. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "रेघेला टेकलाय. अजून प्रवासी आहात."

"बरं," हणमंत म्हणाला.

"नाव?"

"हणमंत बापू ऐवळे."

"गाडी कुणाची?"

"माझी."

हवालदारानं एकदा गाडीकडं आणि एकदा दिगंबरकडं पाहिलं. दिगंबर समोरच्या टपरीवर चहा घेत होता. "पुढच्या इसमाशी नातं?"

"दोस्त हाय."

"दोस्तच असतात. वैऱ्याच्या मागं एवढा वेळ कोण बसतंय?" हवालदार खाली वाकला. त्याचा आवाज सरकारी होता, पण माणूस तुसडा नव्हता. "हे बघा, नियम असा आहे. तुम्ही एवढंच म्हणायचं, मला हँडल पाहिजे. पुढच्यासमोर, मोठ्यानं. म्हटलं की मी रस्त्यात उभा राहतो. तुम्ही पुढं बसल्याशिवाय गाडी इथून हलत नाही. घाटाला निम्मं परत येतं आणि उरलेलं खाली सपाटीला. पण बोलायचं तुम्ही. मला तुमच्या वतीनं बोलता येत नाही."

हणमंताच्या कानात सिंधूचा रडका आवाज घुमला. मांडी, त्यानं स्वतःच्या मांडीकडं पाहिलं. या मांडीवर भाचा अजून कसाबसा बसला असता. खाली गेल्यावर नाही. हे त्याला पक्कं कळत होतं, कापडाला कात्री लावताना कळतं तसं. सांग, सांगून टाक, एवढं एक वाक्य, मग जन्मभर बोलू नकोस. त्यानं तोंड उघडलं.

तेवढ्यात दिगंबर आला. दोन्ही हातांत चहा. एका कपाला फुंकर घालत होता. "घे हणमा. निववलाय. कप जड हाय, मी धरतो, तू पी. पोळंल हं, सावकाश." आणि तो गुडघ्यावर बसला, एवढा थोरला माणूस, आणि त्यानं कप हणमंताच्या ओठाला लावला.

हवालदार वाट पाहत होता. "काही तक्रार?"

"तक्रार कसली?" हणमंत म्हणाला. "काय न्हाय."

"नक्की?"

"दोस्त हाय माझा."

हवालदारानं चष्मा खाली घेतला आणि रस्त्यावरचा आडवा दांडा वर केला.

अर्ध्या घाटात हणमंताचे हात दिगंबरच्या कमरेला पुरेनासे झाले. दिगंबरनं गाडी बाजूला घेतली, गळ्यातल्या उपरण्यानं त्याला पाठीशी बांधलं. आणखी खाली आल्यावर उपरण्यातून तो निसटायला लागला. मग दिगंबरनं त्याला पिशवीत, भाच्याच्या कपड्यांवर बसवलं. घाट उतरला तेव्हा पिशवीचीही गरज उरली नव्हती. हणमंताचे कपडे घडी करून पिशवीत ठेवले, टोपड्याचा बंद त्याला गुंडाळला आणि दिगंबरनं त्याला शर्टाच्या खिशात ठेवलं. रीळ आणि सुईही खिशातच टाकली. तो खिसाही हणमंतानंच लावलेला. आतून तो कधी बघेल असं त्याला वाटलं नव्हतं.

सपाटीला दिगंबरनं गाडी थांबवली. "चल हणमा! घाट उतरला. आता तुझी पाळी." तो उतरला, खरोखर उतरला आणि त्यानं खिशातून हणमंताला काढून सीटवर ठेवलं. सीट उन्हानं तापली होती. हँडल वर, लांब होतं. दोघंही थोडा वेळ त्याच्याकडं बघत राहिले.

"आरं मग बोलायचं होतंस की वर!" दिगंबर एकदम कळवळून म्हणाला. "मी काय न्हाय म्हणलो असतो व्हय? एक शब्द टाकायचास. तू मागितलंस आन् मी दिलं न्हाय असं कधी झालंय का, सांग!"

हणमंतानं आठवून पाहिलं. तसं कधीच झालं नव्हतं. त्यानं कधी मागितलंच नव्हतं. त्याचा संताप संताप झाला, दिगंबरवर निम्मा आणि स्वतःवर सगळा, पण एवढ्या अंगात तो मावेना आणि आवाजही पुरेना. "चल," तो म्हणाला. "सिंधू वाट बघत असंल."

सिंधू अंगणातच उभी होती. दिगंबरनं खिशातून हणमंताला काढून तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं त्याला डोळ्यांजवळ नेलं.

"किती वाळलास रे दादा," ती म्हणाली. "हँडल नाही का मागितलंस?"

"घाई नव्हती," हणमंत म्हणाला.

सिंधूला आपला भाऊ माहीत होता. तिनं डोळे पुसले आणि दिगंबरला पाय धुवायला पाणी दिलं.

सकाळी अंगणात पाट मांडला, भोवती रांगोळी. न्हावी आला, वाटीत पाणी घेतलं आणि विचारलं, "मामा कोण?"

सिंधूच्या सासूबाईंनी हणमंताला एकदा निरखलं. वाईट वाटून घेतल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "मामा हे आहेत हो, पण मांडी हवी ना. मूल बसवायचं कशावर?"

"मांडी लागतेच," न्हावी म्हणाला. "त्याशिवाय मला वस्तरा उघडता येत नाही."

"आई, पुन्हा पुढं ढकलूया का?" सिंधूनं विचारलं.

"आणि पुढल्या खेपेला मांडी येणार आहे का?" सासूबाई म्हणाल्या. "हे बरोबरचे गृहस्थ आहेत ना. त्यांच्या अंगावर तुझ्या भावाचंच आहे ते सगळं. मांडी माहेरचीच झाली."

दिगंबर म्हणाला, "नगं नगं, हणमाचा मान हाय तो." दोनदा म्हणाला. मग पाटावर बसला. भाचा त्याच्या मांडीवर ठेवल्याबरोबर पसरून बसला आणि रडलाही नाही. अशी ऐसपैस मांडी होती. सिंधूनं दिगंबरला कुंकू लावलं, टॉवेल-टोपी दिली. मग आगपेटीतली काडी घेऊन तिच्या टोकानं हणमंताला कुंकू लावलं. तेवढ्यानंही त्याचं सगळं कपाळ भरलं. "दादा, तू खिशातच बस," ती हलक्या आवाजात म्हणाली. "म्हणजे जवळच असशील."

वस्तरा चालला. केस दिगंबरच्या मांडीवर पडत होते. एक बट उडून खिशात हणमंताच्या खांद्यावर पडली. मऊ होती, तिला दुधाचा वास होता. खालून भाच्यानं दिगंबरच्या नाकाला हात लावला. "मामा बघ, मामा!" सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. भाचा म्हणाला, "मामा." तो त्याचा पहिला शब्द होता म्हणून सगळे टाळ्या वाजवून हसले. दिगंबरच्या डोळ्यांत पाणी आलं. तो हुंदका आवरताना त्याची छाती फुगली आणि खिशाच्या कोपऱ्यातला एक टाका तुटला.

जावळ समुद्रात सोडायचं असतं आणि तेही मामानं. दिगंबर केळीच्या पानात केस घेऊन वाळूतून चालत गेला. पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उभा राहिला, पान सोडलं. लाटेनं ते दोनदा परत आणलं आणि तिसऱ्यांदा नेलं.

"बघ हणमा! समुद्र!" दिगंबर ओरडला. "आलो का न्हाय आपण? शाळेत म्हणलो होतो."

हणमंतानं खिशाच्या काठावर हात टेकून पाहिलं. समुद्र खरंच मोठा होता. पण आता त्याला दिगंबरही तेवढाच वाटत होता, म्हणून फारसं काही वाटलं नाही.

"जाताना मात्र तूच चालव," दिगंबर म्हणाला. "आईशप्पथ. काहीतरी जुगाड करू. हँडलला काठी बांधू. पहिल्याच चहाला."

"बघू," हणमंत म्हणाला.

दिगंबर पाण्यातून बाहेर आला आणि वाळूत बसला. हणमंत खिशात खाली उतरला. कोपऱ्यात तुटलेल्या टाक्याची फट दिसत होती. तिच्यातून उजेड येत होता. त्यानं फटीला डोळा लावला. खाली पोटाचा उतार, पुढं मांडी आणि मांडीखाली ओली वाळू. वाळूवरून एक खेकडा हणमंताएवढ्याच अंगानं स्वतःच्या पायांनी चालला होता. दोरा लोंबत होता. तो जरा ओढला असता तर शेजारचे टाकेही निघाले असते आणि माणूस सहज बाहेर पडला असता. माडांच्या पलीकडं सिंधूचं अंगण होतं. वेळ लागला असता, पण चालत जाता आलं असतं.

हणमंतानं दोरा हातात धरला. वर दिगंबर काहीतरी गुणगुणत होता. गुणगुणताना छाती हलत होती आणि फट मोठी होत होती. हे असंच राहिलं तर घरी पोचेपर्यंत खिसा लोंबेल, चारचौघांत बरं दिसणार नाही आणि लोक विचारतील, शर्ट कुणी शिवला.

त्यानं दोन्ही हातांनी सुई उचलली, खांद्यावर घेतली आणि फट शिवून टाकली. टाके आतून घातले, बाहेरून दिसू नयेत म्हणून.